खालून उजेड

सत्तावीस वर्षं मी माशांच्या आरपार पाहिलं.
दुधी काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट,
वर कॉडचा ओला तुकडा,
आणि त्यात कुठेतरी दोऱ्याएवढा, तपकिरी,
वेटोळं घालून बसलेला किडा.
चिमटा. डबा. पुढचा तुकडा.
डोळ्यांत तेल घालून काम करायचं म्हणतात,
आमच्या तर केसांतही माशाचंच तेल.

आता ते टेबल भंगारात गेलं,
आणि नोव्हेंबरपासून सूर्य डोंगरापलीकडे.
ईसाफ्योर्दुरला तो येतो तसा रोज,
पण समोरच्या कड्यावर थोडं गुलाबी सांडून
मागच्या मागे निघून जातो,
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकासारखा.

मुलीने तिचा जुना कॅमेरा पाठवला.
"आई, बाहेर पड. आकाशातले हिरवे पडदे टिप."
बाहेर वारा आडवा, पायाखाली काच.
मी स्वयंपाकघरातच राहिले.

दोन पातेली पालथी घातली,
त्यांवर ओव्हनचा काचेचा ट्रे, ट्रेवर बेकिंगचा कागद,
खाली सेलमधला टेबललॅम्प, कुशीवर निजवलेला.
पोरीच्या शाळेतला. फक्त बल्ब नवा, थंड राहणारा.
दिव्याखाली अंधार असतो म्हणे;
मी दिवाच खाली ठेवला.

पहिला कांदा. पातळ चकती, कड्यांत कडी.
फोटोत पिवळाधमक, कावीळ झाल्यासारखा.

वरच्या मजल्यावरचा मिवोश खाली आला.
त्याची आई रात्रपाळीला, साल्मनच्या पॅकिंगला.
दहा वर्षांचं पोर, पोलिश वळणाचं बोलतं.
"स्वाला, कॅमेऱ्याला सांगावं लागतं
पांढरं कुठलं ते."
मला! पांढऱ्याच्या अकरा जाती
हातमोज्यातून ओळखणाऱ्या मला!
सांगितलं. कोरा कागद दाखवून सांगितलं.
कांदा पांढरा झाला.

मग रोज काहीतरी.
वाळवलेली माशाची कातडी, तिच्यावर खवल्यांचं रफू.
लोकरीच्या मोज्याचा अंगठा, त्यावर माझं रफू.
मिवोशने खिशातून जेलीचं अस्वल काढलं,
ते पोटातून पेटल्यासारखं लाल.
त्याचा पडलेला दात, मुळाशी जरा निळसर.
तो फॉइल लावलेला पुठ्ठा धरून उभा राहायचा,
हात अवघडला की पुठ्ठा कलायचा,
सावली पळायची, मी ओरडायचे.

रात्री मी फोटो मोठे मोठे करून बघायचे.
इथे ठिपका. इथे केस.
बोट आपोआप चिमटा व्हायचं.
"किडे नाहीत ते," मिवोश म्हणाला,
"धूळ आहे. तुझ्याच घरातली."

जानेवारीत वादळात वीज गेली, दोन रात्री.
सायकलचा दिवा ट्रेखाली सरकवला,
त्यावर माझा हात ठेवला, तळवा वर.
कॅमेऱ्याला म्हटलं, पंधरा सेकंद बघ.
मिवोश मोठ्याने मोजत होता,
नवाला रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली,
घर थरथरलं.
फोटोत माझे दोन हात, एकातून एक निघालेले,
आणि करंगळी, जी सुरीने एकदा गेली होती
आणि वाकडी परत आली,
तिच्या कडेने केशरी रेघ.
ठिपके होते. मोजले नाहीत.

पंचविसाव्या तारखेला दुपारी
खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आत आला तो.
इथे त्याला कॉफी करतात, आणि पातळ पॅनकेक,
जाळीदार, मलमलीसारखे.
लॅम्प चालूच होता. चालू आहे की बंद,
कळेना.
मी एक पॅनकेक दोन बोटांत उचलून
खिडकीपुढे धरला, आरपार पाहिलं,
सवयीने, कडेकडेने, मधोमध,
आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा शोधत होते
तेवढ्यात मिवोशने तो चावला.

चंद्रकोरीएवढं भोक.
त्यातून डोंगर दिसला, आणि त्याच्या डोक्यावर तो.
पोराच्या ओठांना साखर.
"थांब," मी म्हणाले, "हलू नकोस,"
पण तो दुसरा घास घेत होता.